हिगिन्सला चाल का नाही? : लर्नर आणि लो यांच्या संगीतिकांतील बोली व गीत

उच्चारशास्त्राच्या तासावर रचलेले आणि तरीही वर्षानुवर्षे नाट्यगृहे भरविणारे नाटक जगाच्या रंगभूमीवर बहुधा एकच असेल. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' १९१३ साली व्हिएन्ना येथे प्रथम जर्मन भाषांतराच्या रूपाने रंगभूमीवर आले आणि १९१४ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या प्रेक्षकांपुढे मूळ इंग्रजीत झाले. फुले विकणाऱ्या एलायझा डूलिटल ह्या मुलीचे उच्चार बदलून तिला उच्चभ्रू समाजात वावरण्यास लायक करून दाखविण्याचा विडा प्राध्यापक हेन्री हिगिन्स उचलतो, हे त्याचे कथानक सर्वपरिचित आहे. ह्याच नाटकावरून गीतकार ॲलन जे लर्नर आणि संगीतकार फ्रेडरिक लो ह्या जोडीने 'माय फेअर लेडी' ही संगीतिका रचली. १५ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्क येथे तिचा पहिला प्रयोग झाला आणि १९६२ पर्यंत तिचे एकंदर २७१७ प्रयोग झाले.

ह्या संगीतिकेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या रचनेतील एका विपरीत गोष्टीकडे मात्र भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. ज्याच्या मुखी प्रमाण इंग्रजी पूर्णत्वाने नांदते त्या हिगिन्सला ह्या संगीतिकेत गाता येत नाही. आणि जिची बोली त्याच्या मते निव्वळ आवाजांचा गोंधळ आहे त्या एलायझाच्या वाट्याला, शिक्षणाचा पहिला धडा मिळण्यापूर्वीच, एक अत्यंत गोड चाल आलेली आहे. ही विपरीतता योगायोगाची आहे की तिच्यात भाषेविषयीचे काही विधान दडलेले आहे, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

प्रथम ह्या जोडीविषयी थोडे. लो यांचा जन्म १९०१ साली बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील ऑपरेटा ह्या नाट्यप्रकारातील नामांकित गायक होते. मुलगा १९२४ मध्ये अमेरिकेस आला, पण रंगभूमीवर त्याचा जम बसण्यास पुढे दोन दशके जावी लागली. लर्नर १९१८ साली न्यूयॉर्कमधील एका सधन व्यापारी कुटुंबात जन्मले आणि काही काळ इंग्लंडमध्ये व नंतर हार्वर्ड येथे शिकले. १९४२ मध्ये दोघांची गाठ पडली. आरंभीची दोनतीन नाटके आज विस्मरणात गेली आहेत. दर शंभर वर्षांनी एका दिवसापुरत्या प्रकट होणाऱ्या स्कॉटिश खेड्याची कथा सांगणारे 'ब्रिगाडून' (१९४७) हे त्यांचे पहिले मोठे यश. त्यानंतर कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधावरचे 'पेंट युवर वॅगन' (१९५१), मग 'माय फेअर लेडी', कोलेत ह्या फ्रेंच लेखिकेच्या कथेवरील 'जीजी' हा चित्रपट (१९५८) आणि आर्थर राजाच्या आख्यानावरील 'कॅमेलॉट' (१९६०) असा क्रम लागतो. 'कॅमेलॉट'नंतर लो जवळजवळ निवृत्त झाले. १९७० नंतरच्या काळात ते एकदोनदाच लर्नर यांच्याबरोबर पुन्हा कामास बसले. लर्नर १९८६ मध्ये व लो १९८८ मध्ये निवर्तले.

दोघांच्या कामाच्या पद्धतीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन ह्या समकालीन जोडीत शब्द बहुधा आधी लिहिले जात व चाल नंतर बांधली जाई. लर्नर आणि लो यांच्याकडे सामान्यतः उलट क्रम असे. गीताचा प्रसंग व शीर्षक आधी ठरे, मग लो पियानोवर चाल बसवीत आणि त्या चालीच्या मापात लर्नर शब्द भरीत. मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून आपल्या संगीत नाटकांतील कितीतरी पदे अगोदर माहीत असलेल्या चालींवरच रचली गेली आहेत. फरक इतकाच की लो यांची चाल त्या पात्रासाठी नव्याने घडविलेली असे. पात्राच्या बोलण्याची ठेवण शब्दांच्याही आधी संगीतकाराच्या मनात उमटलेली असे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

'पिग्मॅलियन'चे संगीतिकेत रूपांतर होण्यास शॉ यांचा हयातभर विरोध होता. त्यांच्या 'आर्म्स अँड द मॅन' ह्या नाटकावरून १९०८ साली झालेली 'चॉकलेट सोल्जर' ही ऑपरेटा त्यांना मुळीच रुचली नव्हती. १९५० मध्ये ते निवर्तल्यावर चित्रपटनिर्माते गेब्रिएल पास्कल यांनी ही कल्पना अनेकांपुढे मांडली. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी प्रयत्न करून ती सोडून दिली. लर्नर आणि लो यांनीही प्रथम सोडूनच दिली होती. अडचण उघड होती. नाटक सारे दिवाणखान्यात घडते, समूहगायनाला जागा नाही, प्रेमकथा म्हणावी तर तीही नाही. १९५४ मध्ये दोघे पुन्हा ह्या विषयाकडे वळले तेव्हा त्यांना सापडलेला मार्ग साधा होता : शॉ यांच्या अंकांच्या मधल्या काळात जे पडद्याआड घडते ते रंगभूमीवर आणावयाचे. मूळ नाटकात एलायझा शिकवणीसाठी हिगिन्सच्या घरी राहते आणि पुढच्या अंकात एकदम सुधारलेल्या उच्चारांनिशी अवतरते. शिक्षण असे आपल्याला दिसतच नाही. १९३८ च्या चित्रपटात ते थोडेसे दाखविले गेले होते. संगीतिकेने त्यालाच नाटकाचे हृदय केले.

जाता जाता एक नोंद करावयास हरकत नाही. इंग्रजीसाठी नवी, उच्चारानुसारी लिपी तयार व्हावी म्हणून शॉ यांनी मृत्युपत्रात तरतूद केली होती. १९५७ मध्ये न्यायालयाने ती तरतूद अवैध ठरविली, तरी पुढे तडजोड होऊन काही रक्कम त्या कामी लागली आणि १९६२ मध्ये शॉ यांचे एक नाटक नव्या लिपीत छापून निघाले. उरलेल्या मिळकतीचे वारस ब्रिटिश म्युझियमसारख्या संस्था होत्या, आणि ज्या संगीतिकेला शॉ यांनी आयुष्यभर नकार दिला असता तिनेच त्या मिळकतीत मोठी भर घातली.

आता हिगिन्सकडे वळावे. ही भूमिका रेक्स हॅरिसन यांनी केली आणि ते गायक नव्हते. ह्या व्यावहारिक अडचणीतून लर्नर आणि लो यांनी जी युक्ती काढली ती मोठी विलक्षण आहे. हिगिन्सच्या गीतांत स्वर आहेत, पण ते बोलण्याच्या पट्टीतच फिरतात. नट त्यातील बरीचशी अक्षरे म्हणतो, गात नाही. वाद्यवृंद मात्र चाल धरून ठेवतो. इंग्रजी भाषेच्या प्रकृतीमुळे हे शक्य झाले. इंग्रजीची लय आघातांवर उभी असते. दोन आघातांमधील अनाघात अक्षरे आखडून घेतली जातात. केनेथ पाइक यांनी १९४५ मध्ये आघातसम आणि अक्षरसम अशा लयीच्या दोन जाती सांगितल्या, त्यांपैकी पहिलीचे इंग्रजी हे ठळक उदाहरण. प्रत्यक्ष मापनात हे अंतर काटेकोर समान भरत नाही, असे पुढील संशोधनात दिसून आले असले तरी ऐकणाऱ्याच्या कानावर होणारा परिणाम खरा आहे. तेव्हा आघाताचे अक्षर तालाच्या ठोक्यावर बसविले की मधली अक्षरे गायिली काय आणि म्हटली काय, गीत मोडत नाही. मराठीत प्रत्येक अक्षराला आपली मात्रा हवी असते. त्यामुळे असे गीत मराठीत उतरविताना ते हमखास कटाव किंवा लावणीच्या झीलेकडे झुकेल.

पण हॅरिसन यांना गळा नव्हता एवढ्यावर हा विषय संपत नाही. लर्नर यांनी हिगिन्ससाठी शब्दही त्याच जातीचे दिले आहेत. लांबलांब वाक्ये, उपवाक्यांची उतरंड, चारचार अक्षरांची यमके, याद्या, प्रतिपक्षाला बोलूच न देणारी घाई. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ऑपेरांतील जलद गीतांचा वारसा येथे स्पष्ट दिसतो. हिगिन्सची गीते म्हणजे युक्तिवाद आहेत. ज्याला आपल्या भाषेची मालकी पूर्णपणे मिळालेली आहे, त्याला त्या भाषेत वाद घालता येतो, आज्ञा देता येते, इतरांची टवाळी करता येते. गाता तेवढे येत नाही. पुढे 'कॅमेलॉट'मधील राजाची भूमिका करणारे रिचर्ड बर्टन यांच्यासाठीही हीच युक्ती पुन्हा वापरण्यात आली, परंतु तेथे ती केवळ सोय राहिली. राजाच्या बोलण्याला हिगिन्सच्या बोलण्यासारखे वादाचे कारणच नव्हते.

एक गंमत सांगितली पाहिजे. इंग्रज लोक आपली भाषा कशी बिघडवितात ह्यावर हिगिन्स आरंभीच एक संतप्त गीत म्हणतो, आणि त्यातच तो स्वतः व्याकरणाची चूक करतो. माणसाला फाशी देणे ह्या अर्थी 'हँग' ह्या क्रियापदाचे भूतकाळवाचक रूप शिष्ट इंग्रजीत 'हँग्ड' असे होते. हिगिन्स वस्तू टांगण्याचे 'हंग' हे रूप योजतो, कारण गीतकाराला 'टंग' ह्या शब्दाशी यमक जुळवावयाचे होते. ह्या चुकीबद्दल लर्नर यांना बरीच बोलणी खावी लागली. वस्तुतः ती सुधारली नाही हेच बरे झाले. शुद्धतेच्या सर्वांत कडक रक्षकाच्या तोंडी अशुद्ध रूप यावे आणि हजारो प्रेक्षकांनी ते ऐकूनही न ऐकल्यासारखे करावे, ह्यापेक्षा प्रमाणभाषेच्या स्वरूपावर चांगले भाष्य कोणते?

एलायझाच्या पहिल्या गीताचा विचार ह्या पार्श्वभूमीवर करावा लागतो. कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात, रात्रीच्या थंडीत, ऊब, खुर्ची आणि थोडे चॉकलेट एवढ्याच सुखाची कल्पना करणारे हे गीत. शीर्षकातील 'लव्हर्ली' हा शब्दच पाहण्यासारखा आहे. 'लव्हली' ह्या शब्दात एक उदासीन स्वर अधिक घुसवून बोलीत तो तीन अक्षरांचा झाला आहे. लिहिताना 'र' घालावा लागतो, पण लंडनच्या बोलीत अशा जागी 'र' उच्चारला जात नसल्यामुळे ते अक्षर निव्वळ स्वराची खूण आहे. हिगिन्सच्या वहीत ही नोंद विकृती म्हणून झाली असती. लो यांनी त्याच वाढीव अक्षरावर चालीचे वळण बसविले आहे. प्रमाण उच्चार घालून पाहिला तर चाल लंगडी पडते.

ह्याच गीतात एलायझा एका लांब क्रियाविशेषणाच्या पोटात 'ब्लूमिन' हा सौम्य शिवीवजा शब्द खुपसते : 'ॲब्सोब्लूमिनल्यूटली'. मराठीत अशी सोय नाही. आपण जोर देण्यासाठी शब्दाच्या शेवटी 'च' लावतो, शब्द फोडून मध्ये काही घालीत नाही. इंग्रजी बोलीतील ह्या अंतःप्रत्ययाची जागा मुळीच स्वैर नसते. जॉन मॅकार्थी यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की हा प्रत्यय आघातयुक्त गणाच्या सीमेवरच बसतो, अन्यत्र बसविल्यास बोलणाऱ्याला तो चुकीचा वाटतो. म्हणजे ज्या बोलीला हिगिन्स व्याकरणच नाही असे समजतो तिच्यात इतका सूक्ष्म नियम नांदत आहे, आणि तो न शिकलेल्या मुलीला नेमका ठाऊक आहे. लर्नर यांनी कान देऊन ऐकलेले हे रूप सिद्धांताच्या सव्वीस वर्षे आधी रंगभूमीवर गायिले जात होते.

यानंतर येतात ते सरावाचे पाठ. 'रेन', 'स्पेन' अशा शब्दांतील 'ए'कडून 'इ'कडे सरकणारा संयुक्त स्वर लंडनच्या बोलीत 'आ'कडून निघतो, म्हणून 'रेन'चे जवळजवळ 'राइन' होते. शब्दारंभीचा 'ह' गळतो. हिगिन्सवर सूड घेण्याच्या कल्पनेत रमलेली एलायझा त्याचे नावही 'ह'शिवायच घेते. (मराठी भाषकाला ह्या पाठात भलत्याच दिशेने अपयश येईल. आपण 'रेन' हा शब्द शुद्ध दीर्घ 'ए'ने उच्चारतो. हिगिन्सला तोही चालला नसता.) ह्या सरावासाठी योजलेले वाक्य अर्थाच्या दृष्टीने पोकळ आहे. तो एकच स्वर शक्य तितक्या वेळा यावा, एवढाच त्याचा हेतू. लर्नर आणि लो यांची खरी करामत ह्या पोकळ वाक्याच्या प्रवासात आहे. रात्र उलटून गेल्यावर, थकलेला हिगिन्स प्रथमच मृदू स्वरात इंग्रजी भाषेच्या थोरवीविषयी चार शब्द बोलतो, आणि एलायझा ते वाक्य बिनचूक म्हणते. आधी म्हणते, मग गाते. वाक्यातील देशाच्या नावावरून लो यांनी स्पॅनिश ताल उचलला आहे. गुरू, शिष्या आणि कर्नल पिकरिंग तिघेही नाचू लागतात. पोकळ वाक्याला अर्थ आला तो त्यातील शब्दांमुळे नव्हे, ते तिघांनी मिळून म्हटले म्हणून.

अस्कॉटच्या घोडशर्यतीच्या प्रसंगात ह्या शिक्षणाची मर्यादा कळते. एलायझाचा प्रत्येक स्वर आता निर्दोष आहे. वाक्यरचना, विषय आणि संभाषणाचे संकेत मात्र जुनेच आहेत. मावशीच्या मृत्यूविषयीचे तिचे संशय ती शिष्ट उच्चारांत ऐकविते. भाषा म्हणजे उच्चार नव्हे, हा धडा येथे हिगिन्सला मिळावयास हवा होता. तो त्याला मिळत नाही. शॉ यांच्या नाटकात ह्या प्रसंगी एलायझाच्या तोंडून निघालेल्या एका शिवीने १९१४ चे लंडन हादरले होते. १९५६ पर्यंत त्या शब्दाची धार बोथट झालेली असल्यामुळे लर्नर यांनी तिला घोड्याला उद्देशून दुसरेच काही ओरडावयास लावले आहे. पुढे राजदूतावासातील मेजवानीत कार्पाथी नावाचा हंगेरियन उच्चारतज्ज्ञ तिची परीक्षा घेतो आणि तिचे इंग्रजी इतके शुद्ध आहे की ती इंग्रज असणेच शक्य नाही, असा निर्णय देतो. हा शॉ यांचाच विनोद आहे. खऱ्या भाषकाच्या बोलण्यात कोठल्या तरी गावाची, गल्लीची, घराची खूण राहतेच. ती पुसून टाकली की माणूस कोठलाच उरत नाही. 'आता मी कोठे जाऊ', ह्या अर्थाचा जो प्रश्न मेजवानीनंतर एलायझा विचारते त्याचे मूळ येथे आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर ती स्वतःच एका गीतात देते, आणि तेथे सरावाची वाक्ये परत येतात. हिगिन्सच्या वाचूनही जग चालेल, ऋतू येतील, पाऊस पडेल, असे ती त्याला सुनावते तेव्हा पाऊस पडण्याचा देश तोच असतो. पाठातील वाक्य आता तिच्या युक्तिवादात प्रमाण म्हणून वापरले जाते. वाद घालणे हा आतापर्यंत हिगिन्सचा प्रांत होता. आणि ह्याच्या उलट, ती निघून गेल्यावर हिगिन्स जे शेवटचे गीत म्हणतो त्यात त्याला सबंध संगीतिकेत प्रथमच एक लांब, संथ चाल मिळते. मधेच तो चिडतो, जुन्या घाईच्या बोलण्यात शिरतो, आणि पुन्हा त्या चालीवर येतो. दोघांनी एकमेकांची भाषा घेतली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु घेण्याचे प्रमाण सारखे नाही. एलायझाने सहा महिने खपून घेतली, हिगिन्सला ती न मागता मिळाली.

१९६४ च्या चित्रपटाने ह्या सर्वांवर एक अनपेक्षित टीप जोडली. त्यातील उच्चारशास्त्रीय तपशिलांसाठी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील पीटर लॅडेफोगेड यांचा सल्ला घेण्यात आला होता. मात्र एलायझाचे काम करणाऱ्या ऑड्री हेपबर्न यांची बहुतेक गीते मार्नी निक्सन ह्या गायिकेने गायिली. स्वतःचा आवाज मिळविण्याच्या कथेत नायिकेचा आवाजच उसना आणावा लागला. चित्रपटाला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली, त्यांत हेपबर्न यांचे नाव नव्हते.

मराठीत ह्या कथानकाने १९७५ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' ह्या नाटकाच्या रूपाने प्रवेश केला. भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचा प्राध्यापक अनेकांच्या स्मरणात आहेत. नाटकाचा आधार शॉ यांचा असला तरी मंजुळेचे सूडाचे सुप्रसिद्ध स्वगत शॉ यांच्या नाटकातील कोणत्याही भाषणापेक्षा संगीतिकेतील एलायझाच्या सूडगीताशी अधिक नाते सांगते. भाषांतरकाराला येथे जी अडचण येते ती मौलिक आहे. इंग्रजीत सामाजिक दर्जाची खूण प्रामुख्याने स्वरांत असते. मराठीत ती 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', 'श' आणि 'स' अशा व्यंजनांच्या जोड्यांत व शब्दसंग्रहात अधिक असते. स्वर गाताना ताणता येतो, त्यावर नाचता येते. 'पाणी' आणि 'पानी' यांतील भेद गाण्यात क्षणार्धात निघून जातो. 'ती फुलराणी' हे संगीत नाटक न होता बोलण्याचे नाटक झाले, ह्याला देशपांडे यांची गद्यावरील हुकमत हे कारण तर आहेच. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचाही त्यात वाटा असावा.

शेवटच्या प्रवेशाविषयी वाद अद्याप मिटलेला नाही. एलायझा हिगिन्सशी नव्हे, फ्रेडीशी विवाह करते, असे शॉ यांनी १९१६ मध्ये जोडलेल्या उपसंहारात बजावून सांगितले होते. लर्नर यांनी आपली संहिता छापताना तो उपसंहार गाळला आणि ह्या बाबतीत शॉ यांचे म्हणणे बरोबर असेलच अशी आपली खात्री नाही, असे मोकळेपणाने लिहिले. संगीतिकेत एलायझा परत येते, आणि अनेक टीकाकारांना ती शरणागती वाटते. पण ती कशी येते हे पाहिले पाहिजे. हिगिन्स अंधाऱ्या खोलीत ध्वनिमुद्रणयंत्रावर तिचा पहिल्या दिवशीचा आवाज ऐकत बसलेला असतो. तो जुना, 'गचाळ' आवाज त्याने नमुना म्हणून मुद्रित केला होता; आता तोच तो पुन्हा पुन्हा ऐकतो. एलायझा मागून येते, यंत्र बंद करते आणि पुढचे वाक्य त्याच जुन्या बोलीत, आपल्या तोंडाने म्हणते. सहा महिन्यांच्या शिक्षणानंतरही ती बोली तिच्याजवळ शाबूत आहे. आता तिला दोन भाषा येतात, आणि त्यांतली केव्हा कोणती बोलावयाची हे तीच ठरविते. हिगिन्सला अजून एकच येते. तो सपाता कोठे आहेत म्हणून विचारतो.